तुलनांचा हिशेब, वाहतुकीचं बिल

सप्टेंबर २००८ मध्ये इंटेलनं सर्व्हरसाठी ‘झिऑन ७४००’ ही चिप बाजारात आणली. कंपनीतलं तिचं नाव डनिंग्टन. एका तुकड्यावर सहा कोअर, १९० कोटी ट्रान्झिस्टर, आणि आरेखनाचं मुख्य काम बंगळुरूत झालेलं. कौतुक झालं ते भारतीय आरेखनाचं आणि ‘सहा’ या आकड्याचं. दोन्ही रास्तच होतं. पण सहाही कोअर मेमरीपर्यंत जायचे ते फ्रंट साइड बस नावाच्या एकाच जुन्या वाटेनं, आणि त्या वाटेची कागदावरची क्षमता होती सेकंदाला सुमारे ८.५ जीबी. सहांत वाटली तर एकेका कोअरच्या वाट्याला १.४. चार चिपांचा सर्व्हर घेतला की कोअर २४ व्हायचे, बसही चार व्हायच्या. मात्र चारही बस एकाच चिपसेटवर येऊन मिळायच्या आणि सगळी मेमरी त्याच्या पलीकडे असायची.

अशा यंत्रासमोर शंभर कोटी आकडे टाकले आणि यांची क्रमवारी लाव म्हणून सांगितलं, तर २४ कोअर २४ पट वेग देत नाहीत, आसपासही फिरकत नाहीत. इंटेललाही हे ठाऊक होतं. २०१० च्या झिऑन ७५०० मध्ये मेमरी कंट्रोलर चिपच्या आत आला, एकमेव बस गेली, आणि प्रत्येक चिपला आपापली मेमरी मिळाली. म्हणजे आरेखन करणाऱ्यांनी धडा घेतला. ज्यांनी तो अजून घेतलेला नाही ते आपण, त्या चिपांवर प्रोग्राम लिहिणारे, त्या विकत घेणारे आणि त्यांच्यावर पोरांच्या परीक्षा घेणारे. सॉर्टिंगचा खर्च आपण आजही तुलनांत मोजतो. बिल येतं ते वाहतुकीचं.

कोअर कोणी हौसेनं वाढवले नाहीत, हे आधी सांगायला हवं. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याचं व्होल्टेजही उतरायचं, त्यामुळे चिप तापवल्याशिवाय घड्याळ वाढवता यायचं. तीस वर्षं हे चाललं. मग गळती वाढली, व्होल्टेज उतरेना, आणि मे २००४ मध्ये इंटेलनं ‘तेजस’ नावाचा पुढचा पेंटियम सोडून दिला. तोवर प्रोग्रामरला काही करावं लागत नव्हतं. नवी चिप आली की जुना प्रोग्राम आपोआप पळायचा. त्यानंतर मिळू लागले ते जास्त कोअर, आणि त्यांना काम वाटून देणं ही प्रोग्रामरची डोकेदुखी झाली. वेग वाढला असं दुकानदार म्हणत राहिला.

हा दावा तपासायचा तर साक्षीदार कोण घ्यावा? माझ्या मते सॉर्टच. पण महासंगणकांच्या जगात साक्ष काढली जाते लिनपॅकची, म्हणजे समीकरणांची मोठी जंत्री सोडवण्याची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये ‘परम प्रवेग’ सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी लिहिलं ते ३.३ पेटाफ्लॉप्स. हा आकडा खोटा नाही, पण तो गुणाकार-बेरजांचा आहे. लिनपॅकमध्ये एन वर्ग इतका डेटा असतो आणि एन घन इतकं काम. एकदा आणलेला आकडा शेकडो वेळा वापरला जातो, त्यामुळे मेमरी मंद असली तरी झाकून जाते. सॉर्टमध्ये आकडा आणायचा, दुसऱ्याशी ताडून पाहायचा, ठेवून द्यायचा. काम नगण्य, ने-आण अफाट. यंत्राची गणिती ताकद इथे उपयोगी पडतच नाही.

बंगळुरूचा समांतर संगणनाचा इतिहास बघितला तरी हा फरक दिसतो. मराठी वाचकाला विजय भटकर, पुण्याची सी-डॅक आणि १९९१ चा परम ८००० पाठ असतो. त्याआधी, १९८६ मध्ये, बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत, एनएएलमध्ये, फ्लोसॉल्व्हर नावाचं यंत्र उभं राहिलं होतं, हे सहसा ठाऊक नसतं. रोद्दम नरसिंह तेव्हा संचालक होते, यंत्रामागे यू. एन. सिन्हा आणि त्यांचे सहकारी. इंटेलचे चार साधे ८०८६ प्रोसेसर जोडून त्यांनी विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाची गणितं सोडवली. चार प्रोसेसरांत ते जमलं, कारण हवेच्या प्रवाहाचं गणित शेजारधर्माचं असतं. जाळीवरच्या एका बिंदूला फक्त आजूबाजूच्या बिंदूंची खबर लागते. पट्टे पाडून दिले की प्रत्येक प्रोसेसर आपल्या पट्ट्यात मग्न, आणि सीमेवरचे थोडे आकडे तेवढे एकमेकांना द्यायचे.

सॉर्टला शेजार नसतो. पहिल्या जागेवरचा आकडा शेवटच्या जागेवर जाऊ शकतो, आणि तो जाणार की नाही हे आकडा बघितल्याशिवाय कळत नाही. विज्ञान संस्थेतले उदय बोंधुगुला यांचं ‘प्लूटो’ हे कंपायलर-साधन (त्यावरचा त्यांचा गाजलेला शोधनिबंध २००८ चा, म्हणजे डनिंग्टनच्याच वर्षीचा) लूपचं गणित वाचून ते कोअरांत वाटून देतं आणि डेटा कॅशमध्ये, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या मेमरीत, टिकेल अशी लूपची उलथापालथही आपणहून करतं. अतिशय देखणं काम आहे. पण त्याची अट अशी की कुठली जागा कधी वाचली जाणार हे लूपच्या रचनेवरून आधी कळलं पाहिजे. सॉर्टमध्ये ते कळत नाही. तिथे कंपायलर हात टेकतो आणि माणसाला विचार करावा लागतो.

आता विचार करायचा म्हणजे काय ते जवळून पाहू. समजा दहावीच्या उत्तरपत्रिका आसन क्रमांकानं लावायच्या आहेत आणि आठ शिक्षक हाताशी आहेत. आठ गठ्ठे केले, आठही जण एकदम भिडले. इथवर आठपट वेग. मग गठ्ठे दोन-दोन करून मिसळायचे: आता चौघंच कामात. पुढच्या फेरीला दोघं. शेवटी दोन प्रचंड गठ्ठे उरतात, ते मिसळायला एक जण बसतो आणि सात जण चहा घेतात. सर्वांत मोठं काम नेमकं एकट्याच्या वाट्याला. समांतर मर्ज सॉर्ट भोळेपणानं लिहिली की नेमकं हेच होतं, आणि त्याचा हिशेब बोटांवर करता येतो. २ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी आकडे घ्या. एकट्यानं केलं तर आकड्यांच्या साधारण ३० पट पावलं. कितीही कोअर दिले तरी शेवटचं मिसळणं एक पट, त्याआधीचं अर्धा पट, त्याआधीचं पाव. बेरीज दोन पट. तीसला दोननं भागा. पंधरा. कोअर ४८ असोत की ४८००, पंधरापटीच्या पुढे गाडी जाणार नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये जे सांगितलं त्याचंच हे एक रूप: जो भाग वाटता येत नाही तो शेवटी सगळ्यांना थांबवतो.

याच्यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. एका गठ्ठ्याच्या मधोमधचा क्रमांक बघायचा, दुसऱ्या गठ्ठ्यात तो कुठे बसेल ते शोधायचं आणि दोन्ही गठ्ठे तिथे तोडायचे. वरचे दोन तुकडे एकानं मिसळायचे, खालचे दुसऱ्यानं. असं हवं तितकं तोडत गेलं की चहा कोणालाच नाही. सिद्धान्ताच्या बाजूनं तर याहून पुष्कळ पुढची मजल मारून झाली आहे. केनेथ बॅचर यांची सॉर्टिंग नेटवर्क्स १९६८ ची. मिक्लोश आय्ताई, यानोश कोम्लोश आणि एंद्रे सेमेरेदी यांनी १९८३ मध्ये लॉग एन खोलीचं नेटवर्क दाखवलं, ज्याच्या पलीकडे सुधारणेला वावच नाही. ते कोणी वापरत मात्र नाही, कारण त्याचा स्थिरांक इतका मोठा आहे की व्यवहारातल्या कुठल्याही आकाराला बॅचर स्वस्त पडतात. कागदावरचा विजय आणि यंत्रावरचा विजय यांची फारकत तेव्हाच सुरू झाली होती म्हणायची.

पण पंधराचं छत फोडलं म्हणजे सुटलो असं नाही. दुसरं छत वाहतुकीचं, आणि पाठ्यपुस्तकं इथेच गप्प होतात.

तेच १०७ कोटी आकडे, प्रत्येकी आठ बाइट, म्हणजे आठ जीबी. प्रत्येक कोअरच्या जवळच्या कॅशमध्ये एक एमबीचा तुकडा मावतो असं धरू. आधी तुकडे आतल्या आत लावले: आठ जीबी आत आले, आठ बाहेर गेले, सोळा. तुकडे झाले ८१९२. आता दोन-दोन करून मिसळायला तेरा फेऱ्या. प्रत्येक फेरीत सगळा डेटा मेमरीतून येणार आणि परत जाणार, पुन्हा सोळा. तेरा सोळे २०८, अधिक पहिले सोळा: २२४ जीबी. मेमरी सेकंदाला १०० जीबी देत असेल तर सव्वादोन सेकंदांच्या खाली हे काम उतरणं अशक्य, मग कोअर हजार लावा. आता दोन-दोनऐवजी १२८ तुकडे एका वेळी मिसळा. दोन फेऱ्यांत काम संपतं. वाहतूक ४८ जीबी, वेळेची खालची मर्यादा अर्ध्या सेकंदाच्या आत. तुलना दोन्हीकडे जवळपास तितक्याच. एन लॉग एन दोन्हीकडे तेच. परीक्षेत दोघांनाही पूर्ण गुण मिळतील.

हे कोणाला सुचलंच नव्हतं असं मुळीच नाही. डब्ल्यू. डी. फ्रेझर आणि ए. सी. मकेलर यांची सॅम्पल सॉर्ट १९७० ची आहे: आधी नमुना घेऊन सीमा ठरवायच्या, मग प्रत्येक आकडा एकाच फेरीत आपल्या कप्प्यात टाकायचा. तुलनांऐवजी ने-आण मोजणारं रीतसर गणितही १९८८ चं आहे, अलोक अगरवाल आणि जेफ्री व्हिटर यांचं. (अगरवाल पुढे आयबीएमची दिल्लीतली संशोधन प्रयोगशाळा उभी करणारे.) त्यांनी ते डिस्कसाठी लिहिलं होतं, डिस्कच्या जागी मेमरी आणि मेमरीच्या जागी कॅश ठेवली की ते आजही जसंच्या तसं लागू पडतं. क्विकसॉर्ट १९६१ ची आपण सगळ्यांना शिकवतो. सत्तावीस वर्षांनंतर आलेलं, तिच्या खर्चाचं खरं माप देणारं गणित पदवीच्या बहुतेक वर्गांत कोणी उघडत नाही.

विजेच्या भाषेत तर फरक डोळ्यांत भरतो. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर चिपांसाठी दिलेले अंदाज प्रसिद्ध आहेत, आणि डनिंग्टन नेमकी त्याच मापाची. ३२ बिटांची पूर्णांक बेरीज ०.१ पिकोज्यूलची, तेवढाच शब्द डीरॅममधून आणायला त्याच्या हजारो पट ऊर्जा. तुलना म्हणजे जवळपास वजाबाकीच. सॉर्ट करताना वीज जळते ती विचारात कमी, प्रवासात जास्त.

इथे एक पुरवणी जोडायला हवी, नाहीतर मी बाजू एकतर्फी मांडतो आहे असं होईल. साध्या, निष्काळजी कोडला आजच्या सर्व्हरवर वाहतुकीचं छत लागेलच असं नाही. त्याआधी तो दुसऱ्याच गोष्टीवर अडखळतो: दोन आकड्यांतला लहान कोणता हे प्रोसेसर आधीच अंदाजानं धरून पुढे पळतो, विस्कळीत डेटावर तो अंदाज निम्म्या वेळा चुकतो, आणि प्रत्येक चुकीला पंधरा-वीस चक्रं वाया जातात. कोड सुधारला, फाटेच न ठेवता लिहिला, की एकेक कोअर भराभर खाऊ लागतो आणि मग मेमरी अपुरी पडते. म्हणजे कोड जितका चांगला, तितके कमी कोअर पुरतात. कोअर विकणाऱ्याला हे वाक्य आवडणारं नाही.

आणि काही छतं आपणच बांधतो. दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये अर्धी मेमरी एकाजवळ, अर्धी दुसऱ्याजवळ. लिनक्स मेमरीचं पान कुठे ठेवतो? ज्या प्रोसेसरवरचा थ्रेड त्यावर पहिल्यांदा लिहितो त्याच्याजवळ. बहुतेक प्रोग्राम काय करतात? मुख्य थ्रेड एकटाच फाइल वाचून आठ जीबीचं अ‍ॅरे भरतो आणि मग ४८ थ्रेडना म्हणतो, चला. सगळा डेटा एका बाजूला पडलेला. दुसऱ्या बाजूचे २४ कोअर दर वेळी पूल ओलांडून येतात, आणि निम्मे मेमरी चॅनेल रिकामे. सॉर्टच्या कोडमध्ये एकही चूक नाही. चूक तिच्या आधीच्या, कोणीही न पाहिलेल्या चार ओळींत आहे. तसंच मोजणीच्या खान्यांचं. कोणत्या कप्प्यात किती आकडे पडले हे मोजायला आठ थ्रेडनी आठ खाने शेजारी-शेजारी ठेवले, की ते सगळे ६४ बाइटांच्या एकाच कॅश ओळीत बसतात. प्रत्येकाचा खाना वेगळा, पण ओळ एक. मग ती ओळ कोअरांमध्ये हिसकाहिसकीत फिरत राहते. खाने लांब-लांब ठेवले की दुखणं जातं.

ही हिसकाहिसकी हार्डवेअर मुकाट्यानं करतं, म्हणून ती दिसत नाही. ती दिसावी, किंवा होऊच नये, असा एक धाडसी प्रयत्न बंगळुरूच्याही सहभागानं झाला. डिसेंबर २००९ मध्ये इंटेलनं ४८ कोअरची एक प्रायोगिक चिप दाखवली, ‘सिंगल-चिप क्लाउड कॉम्प्युटर’. बंगळुरू, जर्मनीतलं ब्राउनश्वाइग आणि अमेरिकेतलं हिल्सबरो इथल्या प्रयोगशाळांचं ते एकत्रित काम. तिच्यात कोअरांच्या कॅश एकमेकींशी आपोआप जुळवून घेत नसत. एका कोअरनं लिहिलेलं दुसऱ्याला हवं असेल तर रीतसर निरोप पाठवायचा. म्हणजे वाहतुकीचं बिल प्रोग्रामरच्या हातात, ओळीओळीनिशी. चिप विद्यापीठांपर्यंत गेली, बाजारात कधी आली नाही. कारण सरळ आहे: जगातलं बहुतेक सॉफ्टवेअर हार्डवेअर सगळं सांभाळून घेईल या भरवशावर लिहिलेलं आहे आणि ते पुन्हा लिहायला कोणी तयार नसतं. मला तो प्रयोग फसलेला वाटत नाही. त्या चिपवर सॉर्ट लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशीच कळलं असतं की आकडा एका कोअरकडून दुसऱ्याकडे नेणं हे काम आहे आणि त्याला दाम पडतो. आपल्या लॅपटॉपवर ते दहा वर्षांतही कळत नाही.

न कळण्याचं एक कारण फार साधं आहे आणि त्याच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. मेमरीची वाट बघत ताटकळलेला कोअर ‘टॉप’मध्ये शंभर टक्के व्यस्त दिसतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी तो थ्रेड चालूच आहे. आत तो डेटाची वाट पाहत नुसता उभा आहे हे तिला ठाऊक नसतं. डॅशबोर्डवर लाल रेघ वर चढते, बैठक बसते, कोणीतरी म्हणतं सीपीयू कमी पडतोय, आणि आठऐवजी सोळा कोअरचं भाड्याचं यंत्र घेतलं जातं. आता सोळा जण वाट बघतात. दर चक्राला किती सूचना पार पडल्या हे ‘पर्फ’ एका मिनिटात सांगतं, पण ते चालवून बघायचं कोणाच्या मनात येत नाही, कारण आकडा आधीच समोर आहे आणि तो शंभर आहे.

इथे नेहमीचा प्रतिवाद येतो: इंजिनिअरचा वेळ महाग, कोअर स्वस्त, लायब्ररीतली समांतर सॉर्ट वापरा आणि पुढे चला. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. स्वतःची सॉर्ट लिहू नये. कार्ल्सरूहच्या मंडळींनी २०१७ मध्ये मांडलेली सॅम्पल सॉर्टची जागच्या जागी चालणारी आवृत्ती मी लिहू शकणार नाही, आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकी फारच थोडे लिहू शकतील. पण कोअर स्वस्त, हे खरं नाही. भाडं कोअर-तासांवर असतं, आणि ताटकळलेल्या कोअरला सूट नसते. दुसरं, लायब्ररीला तुमची परिस्थिती ठाऊक नसते. २०१४ मध्ये जावा ८ मध्ये समांतर सॉर्ट आली. ८१९२ पर्यंतची अ‍ॅरे ती सरळ एकाच थ्रेडवर लावते, कारण त्याहून लहान कामात वाटपाचाच खर्च जास्त. ही समज लायब्ररीत आहे. पण ज्या सर्व्हरवर एकाच वेळी तीनशे ग्राहकांच्या मागण्या आल्या आहेत तिथे कोअर आधीच भरलेले आहेत. त्या प्रत्येक मागणीतली सॉर्ट समांतर केली तर सगळ्या एकाच सामायिक थ्रेडसमूहावर तुटून पडतात आणि एकूण काम तसूभरही वाढत नाही. बंगळुरूतला बहुतेक धंदा याच, एकाच वेळी अनेक मागण्यांच्या जातीचा आहे.

म्हणून पहिला प्रश्न हवा: वाट कोण बघतंय? एक माणूस एका उत्तराची, की हजार कामं रांगेत?

याचं या शहरातलं सर्वांत बोलकं उदाहरण जनुकांचं आहे. जिनोम इंडिया हा प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला. विज्ञान संस्थेच्या आवारातल्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चनं समन्वय केला, वीस संस्था सामील झाल्या, दहा हजार भारतीयांचे जिनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांसाठी खुला झाला. या प्रकारच्या कोणत्याही कामात एक पायरी टळत नाही: यंत्रानं वाचलेले तुकडे जिनोमवरच्या त्यांच्या जागेनुसार क्रमानं लावणं. जिनोम साधारण ३१० कोटी अक्षरांचा. प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचायची आणि एका तुकड्यात दीडशे अक्षरं, तर एका माणसाचे तुकडे होतात सुमारे ६२ कोटी. हे लावायला सर्रास वापरलं जातं ते ‘सॅमटूल्स’. ते प्रत्येक थ्रेडला ७६८ एमबी घेतं, भरलं की लावून तात्पुरत्या फाइलीत टाकतं आणि शेवटी सगळ्या फाइली मिसळतं. त्याच्या वेळेचा मोठा वाटा फाइली दाबण्यात आणि उलगडण्यात जातो. तुलनांचा वाटा लहानच.

आता समोर ४८ कोअरचं यंत्र आहे आणि रांगेत हजारो जिनोम. एकेका जिनोमला ४८ थ्रेड द्यायचे, की एका वेळी बारा जिनोम घेऊन प्रत्येकाला चार? थ्रेड दोन्हीकडे ४८, मेमरी दोन्हीकडे सुमारे ३७ जीबी. पहिल्या पद्धतीत पडद्यावर आकडे छान पळतात, एक जिनोम झटकन संपतो, पण शेवटच्या मिसळणीत बहुतेक कोअर हात बांधून उभे राहतात, आणि तेही प्रत्येक जिनोमला. दुसऱ्या पद्धतीत एकाची मिसळणी चालू असताना दुसऱ्याचे थ्रेड कामात असतात. रात्रभरात किती संपले हे मोजलं तर दुसरी जिंकते, डिस्कनं बारा जणांच्या तात्पुरत्या फाइली एकदम झेलल्या तर. तिथेही पुन्हा वाहतूकच. समांतर सॉर्ट या शब्दांनी मनात जे चित्र उभं राहतं, एक मोठी सॉर्ट आणि तिला भिडलेले सगळे कोअर, ते दहा हजार जिनोमांना नकोच असतं.

मोठ्या प्रमाणावरचे विक्रमही हेच सांगतात. २०१३ मध्ये याहूनं हडूप वापरून २१०० यंत्रांवर १०० टीबीहून थोडा अधिक डेटा ७२ मिनिटांत लावला, कोअर ५०,४००. पुढच्याच वर्षी डेटाब्रिक्सनं स्पार्कवर १०० टीबी २३ मिनिटांत लावले, २०६ यंत्रांवर, ६५९२ कोअर घेऊन. कोअर आठव्या हिश्शापेक्षा थोडे जास्त, वेळ एक तृतीयांश. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी आल्या होत्या आणि नेटवर्क पुरेपूर वापरलं गेलं होतं. तुलना करण्याची नवी युक्ती कोणी शोधलेली नव्हती.

इकडे बंगळुरूत कोरमंगल्यापासून व्हाइटफील्डपर्यंत रोज जितक्या मुलाखती होतात त्यांत मर्ज सॉर्ट लिहून मागितली जाते, तिची गुंतागुंत विचारली जाते, एन लॉग एन ऐकलं की मान डोलते. पोरं महिनोन्महिने ते घोकतात. मुलाखत घेणाऱ्यांना माझी एवढीच विनंती असते की पुढचा प्रश्नही विचारा: आठ जीबी डेटा किती वेळा मेमरीतून जाईल? भल्याभल्यांना घाम फुटतो, कारण उत्तर पाठ करता येत नाही. मशिनबद्दल चार गोष्टी विचारून मग गुणाकार करावा लागतो. खरेदीच्या निविदांचंही तेच. कोअर किती, पेटाफ्लॉप्स किती, हे रकाने असतात. प्रत्यक्षात टिकणारी बँडविड्थ किती, हा रकाना असायला हवा. जॉन मकॅल्पिन यांची ‘स्ट्रीम’ ही चाचणी १९९० च्या दशकापासून फुकट मिळते आणि पाच मिनिटांत चालते.

हा रकाना दिवसेंदिवस जास्त महत्त्वाचा होणार आहे. डनिंग्टनच्या कोअरच्या वाट्याला १.४ जीबी होते. परम प्रवेगात वापरलेल्या कॅस्केड लेक पिढीच्या झिऑनला सहा चॅनेल, कागदावर सेकंदाला सुमारे १४० जीबी. २४ कोअरांत वाटले तर पाच-सहा. दहा वर्षांत चौपट सुधारणा झाली. २०२४ च्या अखेरीला एएमडीनं १९२ कोअरचा एपिक आणला. बारा चॅनेल, सुमारे ५७६ जीबी, एका कोअरला तीन. वाटा पुन्हा घसरणीला लागला आहे. अशा चिपवर एकच मोठी सॉर्ट लावली तर चांगला कोड साठ-सत्तर कोअरांतच मेमरी संपवू शकेल. उरलेल्यांना काय द्यायचं? गणित जास्त आणि ने-आण कमी असं काम. जिनोमवाले ते आधीपासून करत आले आहेत: तुकड्यांची जागा शोधणारा ‘बीडब्ल्यूए’ गणितात गुंतलेला असतो, त्यातून निघालेला डेटा पाइपमधून सरळ ‘सॅमटूल्स’च्या सॉर्टमध्ये सोडायचा, आणि दोघं एकाच वेळी एकाच यंत्रावर चालतात. मधली फाइल डिस्कवर लिहावीच लागत नाही.